बर्फाची सुट्टी आणि फॉर्मातल्या दोन ओळी

तुम्ही विचारले आहे की, ग्वाल्हेर सोडून बॉस्टनजवळ राहायला आल्यावर चौथीतल्या मुलीच्या शाळेला हिमवादळाची सुट्टी कोण देते, ती किती आधी कळते आणि आई-वडील दोघेही नोकरीला असतील तर त्या दिवशी काय करायचे. व्हिसाविषयी आणि लसीकरणाच्या दाखल्यांविषयी सरकारी संकेतस्थळांवर सविस्तर लिहिलेले आहे, ते मी पुन्हा सांगत नाही. या एका प्रश्नाला मात्र थोडक्यात उत्तर देणे मला जमणार नाही, कारण तो वाचल्यापासून पहिल्या हिवाळ्यातला एक दिवस डोळ्यांसमोरून हलत नाही.

आपल्याकडे जानेवारीत धुके दाटले की कलेक्टरांचा आदेश निघतो आणि साऱ्या जिल्ह्याच्या शाळा एकदम बंद होतात. थंडीची लाट चार-आठ दिवस मुक्कामालाच येत असल्यामुळे तो आदेश फसला असे सहसा होत नाही. ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या आमच्या वाड्यात सुट्टी म्हणजे आजीच्या शेगडीपाशी बसून गजक खाणे होते, आणि मुलांना कोण सांभाळणार हा प्रश्न कोणी विचारल्याचे मला आठवत नाही.

इथे बहुतेक गावांच्या शाळांचा स्वतंत्र सुपरिटेंडेंट, म्हणजे सगळ्या शाळांचा प्रमुख अधिकारी, असतो आणि निर्णय त्याचा एकट्याचा असतो. पहाटे चारच्या सुमारास तो रस्ते साफ करणाऱ्या खात्याशी, बसच्या कंत्राटदाराशी आणि शेजारच्या गावांतल्या सुपरिटेंडेंटांशी बोलतो, आणि पाच-साडेपाचपर्यंत पालकांचे फोन वाजू लागतात. किती इंच बर्फ पडणार यापेक्षा तो केव्हा पडणार हे त्याला अधिक छळते. रात्री सहा इंच पडून पहाटे थांबला तर दोन तास उशिरा का होईना, शाळा भरू शकते. पण तीनच इंच बर्फ नेमका दुपारी बस सुटण्याच्या वेळी पडू लागला तर मुले रस्त्यात अडकतात. अटलांटात २८ जानेवारी २०१४ रोजी जेमतेम दोन-अडीच इंच बर्फ पडला. शाळा, कचेऱ्या सगळे एकाच वेळी सुटले, रस्ते तुंबले आणि कित्येक मुलांना रात्र शाळेतच काढावी लागली.

अंदाज चुकतो तो हवामानखात्याच्या आळसाने नव्हे. आमच्या भागातली मोठी वादळे अटलांटिकच्या किनाऱ्याला समांतर वर सरकतात, आणि त्यांची वाट पन्नास मैल इकडे-तिकडे झाली की पाऊस आणि बर्फ यांमधली रेषाही सरकते. तापमान शून्याच्या आसपास असताना एका अंशाने सारे पालटते, कारण जे एक इंच पाणी पाऊस म्हणून वाहून गेले असते तेच गोठून पडले तर साधारण दहा इंच बर्फ होतो. जानेवारी २०१५ मध्ये न्यूयॉर्कला दोन फुटांची भीती घालून भुयारी रेल्वेसुद्धा बंद ठेवली, तर सेंट्रल पार्कात दहा इंचही भरला नाही. त्याच वादळाने बॉस्टनला मात्र दोन फुटांहून अधिक बर्फ दिला. १३ फेब्रुवारी २०२४ रोजी उलटे झाले. बॉस्टनच्या शाळा आदल्या दिवशीच बंद जाहीर झाल्या, वादळ दक्षिणेकडून निघून गेले आणि मुले कोरड्या अंगणात खेळली. त्या दिवशी लोकांनी बरीच थट्टा केली. मी केली नाही.

त्याच्या कितीतरी आधी, आमच्या इथल्या पहिल्या हिवाळ्यात, माझी मुलगी पहिलीत होती. बर्फ संध्याकाळी पाचनंतर सुरू होईल असा अंदाज होता, म्हणून शाळा भरली, आणि अकरा वाजताच तो पडू लागला. साडेबाराला शाळा सोडल्याचा निरोप माझ्या फोनवर तीनदा आला, पण मी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत होते आणि फोन लॉकरमध्ये होता. नवरा कामासाठी परगावी गेला होता. त्याच्या आधीच्या ऑगस्टमध्ये प्रवेशाच्या कागदांनी मला रडकुंडीला आणले होते. वीजबिल नवऱ्याच्या नावावर, भाडेकरार माझ्या, एवढ्यावरून कार्यालयाने दोनदा परत पाठवले होते. त्याच गठ्ठ्यातल्या एका फॉर्मात अडचणीच्या वेळी मुलीला नेऊ शकतील अशा दोन स्थानिक माणसांची नावे मागितली होती. आमच्या ओळखीचे कोणी नव्हते, म्हणून मी दोन्ही ओळींत नवऱ्याचेच नाव लिहिले, एकदा आडनाव आधी आणि एकदा नंतर.

वीस मिनिटांच्या रस्त्याला त्या दिवशी दोन तास लागले. मी साडेचारला पोचले तेव्हा ती कार्यालयाबाहेरच्या बाकावर कोटाची चेन हनुवटीपर्यंत ओढून, दप्तर पाठीवर तसेच ठेवून बसली होती, कारण कोणीतरी तिला साडेबारालाच ‘आई येतेच आहे’ असे सांगितले होते. मी सुपरिटेंडेंटला रागाने लांबलचक पत्र लिहिले आणि त्यांचे दोन ओळींचे उत्तर आले: पहाटे पाच वाजता हाती असलेल्या अंदाजावर निर्णय घेतला होता. ते बरोबर होते हे मला आता पटते, तरी राग गेलेला नाही.

तेव्हापासून माझे मत असे आहे की, निर्णय आदल्या रात्री व्हावा, मग तो चुकला तरी चालेल. पहाटे अंदाज अधिक पक्का असतो हे खरे, पण ज्या घरात आजी नाही त्या घराला आठ तासांची मुदत हवी असते. याच्या विरुद्धचे म्हणणेही खोटे नाही. काही मुलांचे दुपारचे धड जेवण शाळेतच होते, आणि वर्षाचे १८० दिवस भरायचे असल्याने वाया गेलेली सुट्टी जूनमध्ये फेडावी लागते.

एकटेपणाबद्दल तुम्ही विचारले नाही. तो असतो आणि त्याची सवय होते, यापलीकडे त्याविषयी सांगण्यासारखे काही नाही.

दुसऱ्या वर्षी मी खालच्या मजल्यावरच्या निवृत्त बाईंकडे शंकरपाळ्यांचा डबा घेऊन गेले आणि त्यांचे नाव फॉर्मात घालू का असे विचारले. डबा तयार करून दार वाजवेपर्यंत माझे अकरा दिवस गेले होते. त्या एका शब्दात हो म्हणाल्या. पुढची सात वर्षे पहिली ओळ त्यांची होती. गेल्या वर्षी त्या मुलाकडे फ्लोरिडाला गेल्या. मुलगी आता नववीत आहे, तिला कोणी न्यायला यावे लागत नाही, पण फॉर्म दर ऑगस्टला येतोच, आणि या वेळी ती ओळ मी अजून भरलेली नाही. तुमचे घर आमच्या गावात ठरले तर तुमच्या फॉर्मात माझे नाव खुशाल लिहा. माझ्या फॉर्मात तुमचे लिहू का, हे तुम्ही आल्यावर समक्ष विचारीन.