नेपथ्य म्हणजे सेट की कपडे?

जर्मन संगीतकार वाग्नरच्या ‘रिंग’ या चार ऑपेरांच्या (संगीतनाटकांच्या) मालिकेच्या प्रयोगांवरील लेख मराठीत आणताना एकांना अडचण आली आहे. जर्मन श्रेयनामावलीत ‘आउसश्टाटुंग’ या एकाच शब्दात सेट आणि पोशाख दोन्ही येतात. त्याला ‘नेपथ्य’ चालेल का?

आज नाही चालणार. ‘नेपथ्य अमुक, प्रकाशयोजना तमुक’ ही घोषणा ऐकत वाढलेल्या आपल्या कानांना नेपथ्य म्हणजे फ्लॅट (उभ्या चौकटी), लेव्हल (चौथरे), दारं-खिडक्या.

गंमत म्हणजे संस्कृतात हा शब्द मुळात कपड्यांच्या बाजूचा! अमरकोशात ‘आकल्पवेषौ नेपथ्यं’ असे आहे, म्हणजे वेष, साजशृंगार. नट सजायचे ती पडद्यामागची जागाही नेपथ्यच. म्हणून नाटकात ‘नेपथ्ये’ लिहिले की आवाज आतून येतो. नाट्यशास्त्राने याचे चार प्रकार केले: पुस्त (डोंगर, रथ अशा बनवलेल्या वस्तू), अलंकार, अंगरचना (रंगभूषा) आणि सजीव, म्हणजे रंगमंचावर येणारे प्राणी. ‘रिंग’मधला ड्रॅगन पुस्तात घाला, नायिका ब्र्युनहिल्डचा घोडा सजीवात. भरताचे नेपथ्य जर्मन शब्दाला पुरून उरते. पण वाचक आजचा आहे, तेव्हा सरळ ‘नेपथ्य व वेशभूषा’ लिहावे.

१८७६च्या बायरॉइटमधल्या (वाग्नरच्या जर्मनीतल्या नाट्यगृहातल्या) पहिल्या प्रयोगापुरता तर प्रश्नच नाही, कारण तिथे माणसेच वेगळी होती. देखाव्यांची चित्रे योझेफ होफमानची, वेशभूषा कार्ल एमिल ड्योप्लरची. व्हायकिंग म्हटले की डोळ्यांपुढे येणारे शिंगांचे शिरस्त्राण रूढ झाले ते बरेचसे या ड्योप्लरमुळे. खऱ्या व्हायकिंगांच्या शिरस्त्राणांना शिंगे नव्हती. वाग्नरच्या पत्नीला, कोझिमाला, हे पोशाख पाहून अमेरिकेतल्या आदिवासी टोळीप्रमुखांची आठवण झाली, आणि ती काही कौतुकाने नव्हे.

१९५१मध्ये तिथेच वाग्नरचा नातू वीलांड याने रंगमंच जवळजवळ रिकामा करून प्रकाशावर भिस्त ठेवली. तिथे ‘देखावा’ हा शब्द मात्र टाळाच. १९७६च्या फ्रेंच दिग्दर्शक पात्रीस शेरोच्या प्रयोगात ऱ्हाईनकन्या (ऱ्हाईन नदीतल्या जलपऱ्या) जलविद्युत धरणाशी आल्या नि देवराज वोटान फ्रॉककोटात. तिथेही दोन नावे: नेपथ्य रिशार पेदुझ्झी, वेशभूषा झाक श्मिट.

‘कपडेपट’ सुचवणाऱ्यांना एवढेच सांगेन, की आपल्या नाटक कंपन्यांतला तो सुरेख शब्द आहे, पण तो कपड्यांच्या साठ्याचा आणि ते सांभाळणाऱ्या खात्याचा. ड्योप्लरने वेशभूषा केली. प्रयोगानंतर ती शिरस्त्राणे जिथे टांगली गेली असतील, तो कपडेपट.