मेथी निवडायला बसा, पण पाणी यायच्या आधी

प्रश्न : ताई, वस्ती तुटली आणि आम्हाला मानखुर्दला सातव्या मजल्यावर घर मिळालं. मुलगा साडेचार वर्षांचा आहे. घरात अखंड बडबड, पण जूनपासून बालवाडीत एक शब्द नाही. आता दिवाळी आली. सासूबाई म्हणतात नजर लागली, बालवाडीच्या बाई म्हणतात हट्टी आहे. मजल्यावर आणखीही अशी घरं आहेत. कुणाचं मूल चावतं, कुणाचं मोबाइलशिवाय जेवत नाही. आम्ही चौघी मिळून मुलांसाठी काही सुरू करावं म्हणतोय. सोसायटीचं ऑफिस दुपारी रिकामं असतं. पैसे नाहीत. सुरुवात कुठून करू?
— एक आई

उत्तर : आधी तुमच्या लेकाचं बघू. घरात बोलतो, बाहेर गप्प, तेही इतके महिने, म्हणजे हा हट्ट नव्हे. त्याला भीती वाटते, आणि ती इतकी की शब्द घशातच राहतात. डॉक्टर याला सिलेक्टिव्ह म्युटिझम म्हणतात. ‘बोल ना रे काकूंशी’ हे आजपासून बंद. चॉकलेटचं आमिषही नको. बालवाडीतल्या एकाच मुलाला घरी खेळायला बोलवा. त्याच्याशी बोलायला लागला की दोघांचा खेळ पॅसेजमध्ये न्या, मग जिन्यापाशी. पुढे बाईंना विचारून वर्ग भरायच्या आधी रिकाम्या वर्गात तुम्ही तिघं दहा मिनिटं खेळा. घाई केलीत तर पुन्हा पहिल्या पायरीवर याल. कान तपासून घ्या, आणि सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात मानसोपचाराच्या ओपीडीचा केसपेपर काढा. अख्खा दिवस जाईल, डबा घेऊन जा. (येत असलेले शब्दच मूल विसरू लागलं, तर मात्र एक दिवसही थांबू नये. तुमच्या पत्रात तसं दिसत नाही.)

आता तुमच्या चौघींचं. अंगणवाडीची मुख्यसेविका म्हणून नवी होते तेव्हा गोवंडीत मी ‘बालकांचा विकास’ या विषयावर तक्ते लावून भाषण ठोकलं होतं. चाळीस बायका आल्या. पुढच्या आठवड्याला दोन, त्यातली एक छत्री विसरली होती म्हणून. मला फार राग आला. मग सेविका म्हणाली, ‘मॅडम, चार वाजता पाणी येतं.’ वेळ तीनची केली आणि तक्ते गुंडाळून ठेवले. बायका मेथीच्या जुड्या घेऊन आल्या, पोरं मध्ये खेळत राहिली. तिसऱ्या बैठकीला एकीनं आपणहून सांगितलं की पोराला मारते आणि मग रात्रभर रडते. तक्त्यासमोर ती हे कधीच बोलली नसती.

म्हणून मुलांसाठी वर्ग काढू नका. आयांची बैठक काढा, मुलं सोबत येतीलच. तिथलं बोलणं लिफ्टमध्ये जाता कामा नये, आणि मुलांचे व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नकोत. हे दोन नियम पहिल्याच दिवशी सांगा. तुमच्या भागातल्या अंगणवाडी सेविकेला बोलवा. सहा वर्षांपर्यंतची मुलं तिच्याकडे येतात, कुणाचं वजन घटलं, कुणाचं बोलणं मागे आहे, हे ती बघते. एखाद्या मुलावर हात उगारला जातोय किंवा त्याहून वाईट काही कळलं, तर तुम्ही निवाडा करायला बसू नका, १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा. आणि चौघींपैकी कुणाला झोप लागत नसेल, पोरं समोर आली तरी नकोशी वाटत असतील, तर १४४१६ ही टेलीमानसची मोफत हेल्पलाइन आहे. मराठीत बोलता येतं.

कुणी नाक मुरडलंच की ‘ही कसली नवी थेरं’, तर सांगा, मुंबईत हे फार जुनं आहे. १९३६ साली नागपाड्यात सर दोराबजी टाटांच्या नावानं समाजकार्याचं शिक्षण देणारी संस्था निघाली, आणि पुढच्याच वर्षी तिनं मुलांसाठी मार्गदर्शन केंद्र उघडलं. आपण तर नुसती मेथी निवडतोय.

राहता राहिल्या सासूबाई. त्यांची वस्तीही तुटलीच आहे, आणि सातव्या मजल्यावर ओट्यावर बसायलाही कुणी नाही. मीठमोहरी ओवाळू द्या, त्यानं काही बिघडत नाही. पण बैठकीचं पहिलं बोलावणं त्यांना करा.