हॉपकिन्स, ब्राऊन की घराजवळचं रटगर्स?

प्रश्न: आम्ही एडिसन, न्यू जर्सीला राहतो. मुलगी इथेच जन्मली, डॉक्टर व्हायचं म्हणते. जॉन्स हॉपकिन्स, ब्राऊन आणि रटगर्सचं ऑनर्स कॉलेज अशा तिन्हीकडून होकार आला आहे. पहिल्या दोघांचा खर्च वर्षाला नव्वद हजार डॉलरच्या आसपास, रटगर्सचा स्कॉलरशिप धरून बावीस हजार. घरावर कर्ज काढून हॉपकिन्सला पाठवावं असं ह्यांचं मत आहे. मुलगी हुशार आहे, पण बुजरी. शेजारच्याला जास्त मार्क पडले की हिची झोप उडते. १ मेपर्यंत कळवायचं आहे. — एक आई

नमस्कार ताई,

आधी एक गैरसमज दूर करते, कारण तो बहुतेक पत्रांत असतो. अमेरिकेत आधी चार वर्षांची पदवी, मग मेडिकल. पण हॉपकिन्समध्ये पदवी घेतली म्हणून हॉपकिन्सच्या मेडिकलला जागा राखीव होत नाही. २०२४ मध्ये उद्योगपती मायकेल ब्लूमबर्ग यांच्या देणगीतून तीन लाख डॉलरपेक्षा कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांची फी माफ झाली, तीही तिथल्या मेडिकलची. तिथे रटगर्सची मुलगीही अर्ज करू शकते.

मेडिकलवाले अर्जात पहिल्यांदा बघतात ते जीपीए, म्हणजे कॉलेजातल्या ग्रेडची सरासरी, आणि एमकॅट ही प्रवेशपरीक्षा. प्रवेश मिळालेल्यांचा सरासरी जीपीए चारपैकी ३.७५च्या वर असतो आणि एमकॅट ५२८ पैकी ५११-५१२. शिवाय बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स, गणित यांचा जीपीए अर्ज-यंत्रणा वेगळा काढते. कॉलेजच्या नावाला वजन नाही असं मी म्हणणार नाही. पण ऑरगॅनिक केमिस्ट्रीतला सी त्या नावाने झाकला जात नाही.

म्हणून मी पहिली काट हॉपकिन्सवर मारेन. कॉलेज उत्तम आहे, प्रयोगशाळांची तर चंगळ. पण वर्गातली निम्मी मुलं डॉक्टर व्हायला आलेली असावीत असं वाटायला लावणारं ते ठिकाण आहे. शेजारच्याच्या मार्कांनी झोप उडणाऱ्या मुलीला तिथे कशाला ढकलायचं? ब्राऊनची गोष्ट वेगळी. तिथे ग्रेडला अधिक-उणे नाही, ए म्हणजे ए. इतरत्र ए-मायनस मिळाला की अर्जात त्याचे ३.७ धरतात, तो खड्डा तिथे पडतच नाही. पैशाचा प्रश्न नसता तर मी डोळे मिटून ब्राऊन म्हटलं असतं.

पण पैशाचा प्रश्न आहे. वर्षाला अडुसष्ट हजारांचा फरक, चार वर्षांत पावणेतीन लाख. त्यानंतर खासगी मेडिकल म्हणजे राहण्या-खाण्यासकट आणखी तीन-चार लाख. पूर्वी सरकारी ग्रॅड प्लस कर्जातून हवी तेवढी रक्कम उभी राहायची. १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी ते बंद. आता सरकारी कर्ज वर्षाला पन्नास हजार, एकूण दोन लाख, बाकी खासगी बँकेच्या दारात. घर आत्ताच गहाण टाकलंत तर तेव्हा काय टाकणार? आणि न्यू जर्सीची रहिवासी म्हणून राज्याच्या मेडिकल कॉलेजांत तिला जे झुकतं माप मिळेल, ते ती कुठेही शिकली तरी मिळेल. (ती एच-४ व्हिसावर, म्हणजे नोकरीसाठी आलेल्यांच्या कुटुंबीयांना मिळतो त्या व्हिसावर असती तर मी हे पत्र दुसऱ्याच टोकाने सुरू केलं असतं, कारण कितीतरी मेडिकल कॉलेजं ग्रीन कार्डाशिवाय अर्जच घेत नाहीत.)

तेव्हा माझं उत्तर रटगर्स. तिथलं दुखणंही सांगते: सायन्सचे सुरुवातीचे वर्ग प्रचंड मोठे, आणि बुजरी मुलगी शेवटच्या बाकावर विरघळून जाईल. मेडिकलला सायन्सच्या दोन प्राध्यापकांची शिफारसपत्रं बहुधा लागतातच, आणि ज्यांना तिचं नावही माहीत नाही ते काय लिहिणार? म्हणून पहिल्या सेमिस्टरपासून दर आठवड्याला एका तरी प्राध्यापकाच्या ऑफिस अवर्सला, म्हणजे मुलांना भेटण्याच्या ठरलेल्या वेळी, जायचं, प्रश्न नसला तरी. न्यू ब्रन्सविकचं मोठं हॉस्पिटल कॅम्पसपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, तिथे स्वयंसेवक म्हणून लवकर नाव घालावं.

आमच्याकडचे नव्वद टक्के मेडिकलला लागतात, असं कुठलंही कॉलेज सांगू लागलं की दोन प्रश्न विचारा. पहिल्या वर्षी डॉक्टर व्हायचं म्हणून किती आले होते? आणि मेडिकलच्या अर्जासाठी कॉलेजची समिती जे शिफारसपत्र देते, ते तुम्ही कुणाला नाकारता? काही ठिकाणी कच्च्या मुलांना आधीच गाळतात, मग टक्का आपोआप चढतो.

मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, तिला हवा तो घेऊ द्या. संगीत घेतलं तरी चालतं, सायन्सचे ठरलेले विषय पूर्ण केले की झालं.

तुमच्या पत्रात ह्यांचं मत आहे, तुमची काळजी आहे, तिचं स्वतःचं एक वाक्य नाही. एप्रिलमध्ये एक दिवस तिला परवानगी काढून रटगर्सच्या बुश कॅम्पसवर केमिस्ट्रीच्या तासाला मागे बसू द्या. तुम्ही गाडीतच थांबा.