मोनॅकोची फॉर्म्युला वन शर्यत बघणार असशील तर शनिवार चुकवू नकोस

नुसतं रविवारी संध्याकाळी साडेसहाला टीव्ही लावशील, तर ‘ओव्हरटेकच होत नाहीत’ म्हणून वैतागशील. आधी शनिवारची क्वालिफायिंग बघ, म्हणजे शर्यतीत कोण कितव्या जागेवरून सुटणार ते ठरवणारी फेरी; आपल्याकडे साडेसातला असते. ऑफिस असेल तर चर्चगेटहून थोडी लवकरची लोकल पकड, पण बघच. ३.३३७ किलोमीटरचा तो शहरी रस्ता इतका अरुंद, की पुढे कोण उभं राहणार यावरच निम्मी शर्यत ठरते. गाडीवरच्या (ऑनबोर्ड) कॅमेऱ्यात पुढच्या चाकावर नजर ठेव: स्विमिंग पूलपाशीच्या वळणांवर ते कठड्याला जवळजवळ घासून जातं. यॉट, कॅसिनो, श्रीमंती, सगळं देखणं आहेच. पण मला विचारशील तर खरी नजाकत त्या चाकात आहे. आणि पाऊस आला तर जागचा हलू नकोस. १९९६ साली भिजलेल्या रस्त्यावर ओलिव्हिए पानिस चौदाव्या जागेवरून सुटून जिंकला होता!