छेदाच्या आधीची तयारी

प्रिय,

तुझे पत्र आणि जेलचे छायाचित्र मिळाले. शुद्ध ट्राआय (डीएनए कापणारे विकर, म्हणजे एन्झाइम), मॅग्नेशियम आणि एफ प्लाझ्मिडचा (एका जिवाणूपेशीतून दुसरीत जाणाऱ्या वर्तुळाकार डीएनएचा) ओरिटी, म्हणजे हस्तांतर जिथून सुरू होते ती जागा, असलेला सुपरकॉइल्ड (पीळदार) डीएनए एकत्र ठेवूनही बराचसा डीएनए अखंड उरतो, म्हणून विकर अर्धमेले आहे, हा तुझा निष्कर्ष घाईचा आहे; छेद म्हणजेच हस्तांतराची तयारी, हे तुझे म्हणणेही मला पटत नाही. ट्राआय आपल्या सोळाव्या क्रमांकाच्या टायरोसिनने ठरलेल्या जागी एकच धागा कापतो, त्याच्या पाच-प्राइम टोकाला सहसंयुजी बंधाने जोडलेला राहतो आणि तिथूनच तो धागा पुन्हा सांधूही शकतो. एसडीएस (प्रथिनांची घडी मोडणारा साबणासारखा पदार्थ) घातल्या क्षणी जे रेणू कापलेले असतात, तेवढेच जेलवर उघड्या, पीळ सुटलेल्या वर्तुळाच्या रूपात दिसतात. क्लेवेल आणि हेलिन्स्की यांनी 1969 मध्ये कोल-ई1 प्लाझ्मिडच्या प्रथिनसंकुलात हेच पाहिले होते : एसडीएस किंवा प्रोनेज (प्रथिने तोडणारे विकर) घालेपर्यंत वर्तुळ पीळदारच होते.

म्हणून पुन्हा सांगतो, तयारी म्हणजे छेद नव्हे. आयएचएफ (पेशीचे एक प्रथिन) डीएनएला वाकवतो, ट्रावाय (प्लाझ्मिडचे प्रथिन) छेदस्थानाजवळ बसतो आणि या दोघांनी जागा घडवल्यावर ट्राआय तिथे नीट रुजतो; तू मात्र यांना ‘साहाय्यक’ म्हणून मिश्रणातून वगळलेस! ट्राएम या तिसऱ्या प्रथिनाचे उदाहरण तर डोळे उघडणारे आहे. तो नसला तरी ओरिटीवर छेद पडतो, पण प्लाझ्मिड दुसऱ्या पेशीत जात नाही, कारण ट्राडी या जोडप्रथिनाशी, म्हणजे पर्यायाने डीएनए पेशीबाहेर नेणाऱ्या स्रावयंत्रणेशी, गाठ घालून देण्याचे काम ट्राएमचे आहे. छेद पडूनही डीएनए जागीच राहत असेल, तर छेदालाच तयारी म्हणण्याचा हट्ट कशासाठी?

ट्राएमकडे लक्ष द्या, असे मी बैठकांत सांगत आलो, तेव्हा विकराची गती मोजणाऱ्यांनी मला किरकोळ गोष्टींत रमणारा ठरवले. त्याचा मला राग नाही (थोडा आहे). पण ते काम पुढे नेण्याइतका निधी कधी मिळाला नाही, ही खंत मात्र खरी आहे, आणि तुझ्या पत्राला एवढे तिखट उत्तर जाते आहे त्याचे कारणही तीच असावी.

विकरालाही एकटे समजू नकोस. ट्राआयच्या एकाच साखळीत रिलॅक्सेज (कापणारा भाग) आणि हेलिकेज (धागे उलगडणारा भाग) दोन्ही आहेत, परंतु आर1 प्लाझ्मिडच्या ट्राआयवरील 2017 च्या अभ्यासानुसार एकच रेणू ही दोन्ही कामे एका वेळी करत नाही. एक रेणू कापतो आणि वेगळ्या ठेवणीतला दुसरा धागे उलगडतो.

आता वेळ आणि विकराचे प्रमाण दोन्ही वाढवत नमुने घे. कापलेल्या रेणूंचा वाटा एका पातळीवर थबकला, तर तुझे विकर ठणठणीत आहे आणि तुला कापणे आणि सांधणे यांचा समतोलच दिसतो आहे. त्यानंतर तोच प्रयोग आयएचएफ आणि ट्रावाय आधी बसवून कर आणि दोन्ही जेल शेजारी ठेवून मला पाठव. तोवर नवे विकर शुद्ध करण्यात आठवडे घालवू नकोस.