'गेट'चा अर्थ लावताना त्याच्या पुढचा शब्द पाहावा

आपण दोन प्रश्न विचारले आहेत. शब्दकोशात 'गेट' या क्रियापदाखाली पानभर अर्थ दिले आहेत, ते लक्षात कसे ठेवावेत, हा पहिला; आणि कार्यालयातल्या वरिष्ठांनी 'मेलमध्ये गेट वापरू नका' असे बजावले आहे, ते कितपत योग्य आहे, हा दुसरा. इंग्रजीतल्या सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या पहिल्या दहा क्रियापदांमध्ये 'गेट'ची गणना होते, त्यामुळे त्याला टाळून बोलणे शक्य नाही. पहिल्या प्रश्नाचे उत्तर सविस्तर देतो. ते नीट समजले की दुसऱ्याचे उत्तर थोडक्यात देता येईल.

ते अर्थ पाठ करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. वरवर निरनिराळे दिसणाऱ्या बहुतेक अर्थांच्या मुळाशी एकच कल्पना आहे आणि ती म्हणजे बदल. 'हॅव' म्हणजे वस्तू जवळ असणे, 'बी' म्हणजे एखाद्या स्थितीत असणे, आणि 'गेट' म्हणजे नसलेली वस्तू हाती येणे किंवा नसलेल्या स्थितीत जाणे. हा शब्द इंग्रजीत मूळचा नाही. उत्तर युरोपातून येऊन इंग्लंडात स्थायिक झालेल्या लोकांच्या नॉर्स भाषेतून तो आला आणि साधारण १२०० च्या सुमारास इंग्रजीत रूढ झाला. त्यापूर्वीच्या इंग्रजीत त्याचा सख्खा भाऊबंद केवळ जोडशब्दांत होता. 'फर्गेट' हा त्यांतलाच एक. हाती घेणे, मिळवणे हा मूळ अर्थ धरून ठेवला, की पुढचे सारे अर्थ त्यातून कसे फुटले ते सहज दिसते. 'आय डोन्ट गेट इट' म्हणजे 'मला कळत नाही', कारण कळणे म्हणजेही मुद्दा हाती लागणे. कोणत्या वाक्यात कोणता अर्थ घ्यायचा, हे मात्र 'गेट'च्या पुढे काय आले आहे त्यावरून ठरते.

पुढे नाम आले, तर मिळणे किंवा मिळवणे. मराठीत या दोन क्रियापदांत प्रयत्नाचा फरक आहे. 'नोकरी मिळाली' आणि 'नोकरी मिळवली' ही वाक्ये आपण सारख्या अर्थाने वापरत नाही. 'आय गॉट अ जॉब' या वाक्यात हा फरक दिसत नाही, तो संदर्भावरून ओळखावा लागतो. पुढे स्थळ आले, तर पोहोचणे: 'आय गॉट टू पुणे ॲट नाइन', म्हणजे 'मी नऊला पुण्यात पोहोचलो'. मात्र 'घरी' आणि 'इथे' या अर्थाच्या शब्दांपूर्वी 'टू' येत नाही, म्हणून 'गेट होम' आणि 'गेट हिअर' असेच म्हणावे.

पुढे विशेषण आले, की मराठी माणसाची खरी अडचण सुरू होते. हिशेबाने 'गेट' म्हणजे 'होणे'. पण मराठीत प्रत्येक स्थित्यंतराला वेगळे क्रियापद लागते. आपल्याला भूक लागते, अंधार पडतो, राग येतो, उशीर होतो. इंग्रजीत या चारही ठिकाणी एकच क्रियापद चालते: 'आय ॲम गेटिंग हंग्री', 'इट इज गेटिंग डार्क', 'ही गॉट अँग्री', 'इट इज गेटिंग लेट'. मराठीतले 'पडणे' आणि 'लागणे' मनात घोळवत इंग्रजी वाक्य जुळवायला गेले, की नेमके इथे अडखळायला होते. 'ही वॉज अँग्री' आणि 'ही गॉट अँग्री' यांतला फरकही मराठीतून चटकन पकडता येतो: 'तो रागावलेला होता' आणि 'तो रागावला'. 'माझे लग्न २०१५ साली झाले' हे याच नियमाने 'आय गॉट मॅरिड इन २०१५' असे होते. मराठीत 'तिच्याशी' लग्न होते म्हणून इंग्रजीत 'विथ' घालण्याचा मोह होतो, पण तेथे 'टू' हवे.

पुढे क्रियापदाचे तिसरे रूप आले, तर वाक्य कर्मणी होते: 'ही गॉट इन्जर्ड', 'शी गॉट प्रमोटेड'. येथेही स्थिती आणि घटना हा भेद उपयोगी पडतो. 'द विंडो वॉज ब्रोकन' याचे दोन अर्थ होऊ शकतात, काच फुटलेली होती किंवा काच फोडली गेली. 'द विंडो गॉट ब्रोकन' याचा अर्थ मात्र निश्चितपणे 'काच फुटली' असाच होतो.

आता सर्वांत महत्त्वाच्या रचनेकडे वळतो, कारण मराठी भाषकांच्या इंग्रजीत सर्वाधिक गफलत येथे होते. मराठीत 'मी काल केस कापले' असे आपण सर्रास म्हणतो आणि कात्री केशकर्तनालयातल्या कारागिराच्या हाती होती, हे ऐकणारा न सांगता ओळखतो. 'आम्ही घराला रंग दिला' म्हणताना ब्रश रंगाऱ्याच्या हातात असतो. इंग्रजीत 'आय कट माय हेअर यस्टरडे' म्हटले, तर आपण स्वतः आरशासमोर कात्री घेऊन बसलो होतो, असाच समज होईल. दुसऱ्याकडून करून घेतलेल्या कामासाठी 'आय गॉट माय हेअर कट' अशी रचना लागते: आधी 'गेट', मग वस्तू, मग क्रियापदाचे तिसरे रूप. आपल्याकडे यासाठी 'करून घेणे' ही नेमकी रचना आहे. म्हणून इंग्रजी वाक्य जुळवण्यापूर्वी मराठी वाक्य मनात काटेकोरपणे मांडावे. 'केस कापले' नव्हे, 'केस कापून घेतले'. 'घड्याळ दुरुस्त केले' नव्हे, 'दुरुस्त करून घेतले'. एवढे केले की 'आय गॉट माय वॉच रिपेअर्ड' आपोआप सुचते. 'गॉट'च्या जागी 'हॅड' घातले तरी चालते. 'हॅड' किंचित औपचारिक वाटते, तर 'गॉट'मध्ये काम मार्गी लावण्यासाठी केलेल्या खटपटीची छटा असू शकते.

काम करणाऱ्या माणसाचाही उल्लेख करायचा असेल, तर त्याच्यानंतर 'टू' अत्यावश्यक आहे: 'आय गॉट द प्लंबर टू कम ऑन संडे'. यात प्लंबरला राजी केल्याचा भाव आहे. 'मेक' आणि 'हॅव' यांच्याबरोबर असा 'टू' येत नाही, त्या सवयीने तो येथेही गाळला जातो आणि वाक्य चुकते.

'गेट'नंतर थेट 'टू' आणि क्रियापद आले, तर अर्थ होतो संधी मिळणे. मराठीशी इतकी तंतोतंत जुळणारी दुसरी रचना क्वचितच सापडेल: 'मला रायगड पाहायला मिळाला' म्हणजे 'आय गॉट टू सी रायगड'. पण 'आय हॅव गॉट टू गो' हे अगदी वेगळे आहे. त्यात 'मला जायलाच हवे' अशी निकड आहे. बोलताना त्यातला 'हॅव' गिळला जातो, म्हणून चित्रपट पाहताना 'आय गॉट टू गो' ऐकू आले, तर 'जायला मिळाले' की 'जायलाच हवे', हे प्रसंगावरून ठरवावे. 'आय हॅव गॉट टू ब्रदर्स' हे वाक्यही भूतकाळाचे नाही. त्यातला 'टू' दोन या संख्येचा आहे आणि अर्थ इतकाच, की मला दोन भाऊ आहेत. अमेरिकेत तिसरे रूप म्हणून 'गॉटन' हे जुने रूप टिकून राहिले आहे. तेथे 'हॅव गॉटन' म्हणजे मिळाले आहे आणि 'हॅव गॉट' म्हणजे जवळ आहे. ब्रिटनमध्ये दोन्हीकडे 'गॉट'च वापरतात. दोन्ही पद्धती शुद्ध आहेत, मात्र एकाच मजकुरात त्यांची सरमिसळ करू नये.

क्रियापदाला जोडून येणारी अव्यये हा स्वतंत्र विषय आहे. येथे केवळ रोज कानावर पडणारा एक प्रकार घेतो. लोकलच्या दारात 'व्हेअर विल यू गेट डाउन?' असे विचारले जाते आणि मुंबईत त्यात कोणालाही काही खटकत नाही. ब्रिटिश किंवा अमेरिकी माणूस मात्र येथे 'गेट ऑफ' म्हणेल. त्याच्या कानाला 'गेट डाउन' म्हणजे झाडावरून किंवा शिडीवरून खाली येणे, नाही तर खाली वाकणे. भारतात बोलताना हा प्रयोग चुकीचा ठरवण्याचे मला कारण दिसत नाही, पण परदेशी सहकाऱ्याशी बोलताना 'गेट ऑफ' वापरणे बरे. रेल्वे, बस, विमान अशा, आत उभे राहून चालता येते त्या वाहनांसाठी 'गेट ऑन' आणि 'गेट ऑफ'. मोटार किंवा रिक्षा अशा, वाकून आत शिरावे लागते त्या वाहनांसाठी 'गेट इन' आणि 'गेट आउट' असा साधारण संकेत आहे.

राहिला मेलचा प्रश्न. वरिष्ठांचे म्हणणे निम्मे बरोबर आहे. औपचारिक पत्रात 'आय गॉट युवर डॉक्युमेंट्स' ऐवजी 'आय हॅव रिसीव्ड युवर डॉक्युमेंट्स' आणि 'द अमाउंट गॉट क्रेडिटेड' ऐवजी 'द अमाउंट हॅज बीन क्रेडिटेड' लिहावे. कर्मणी 'गेट' तर तेथे कटाक्षाने टाळावे. परंतु 'आय विल गेट बॅक टू यू बाय फ्रायडे' किंवा 'प्लीज गेट इन टच विथ अस' ही वाक्ये चांगल्या व्यावसायिक पत्रव्यवहारात रूढ आहेत. केवळ 'गेट' आले म्हणून ती खोडून तेथे अवजड शब्द घालण्याचे काहीही कारण नाही.