थ्रीडी प्रिंटिंगने बनवलेले हाय-फ्रिक्वेन्सी ट्रान्सफॉर्मर ग्रिडच्या बॅटरी स्टोरेजमध्ये येतील का? इलेक्ट्रिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे, यात करिअर करावं का?

येतील. पण तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय ना, 'हाताने वाइंडिंग करण्याची (म्हणजे तार गुंडाळण्याची) चूक आता टळेल', ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय.

काही वर्षांपूर्वी भोसरीत एका छोट्या कंपनीत होतो. बॅटरी कंटेनरसाठी ड्युअल अ‍ॅक्टिव्ह ब्रिजचा, म्हणजे मधे ट्रान्सफॉर्मर ठेवून दोन्ही दिशांना वीज नेणाऱ्या डीसी कन्व्हर्टरचा, प्रोटोटाइप चालला होता. त्यातला ट्रान्सफॉर्मर ५० किलोवॅट, २० किलोहर्ट्झ, कोअर नॅनोक्रिस्टलाइन (अतिसूक्ष्म कणांच्या चुंबकीय पट्टीचा). ५० हर्ट्झवर एवढ्याच ताकदीचा ट्रान्सफॉर्मर हलवायला चेनपुली लागते, हा दोन विटांएवढा. फ्रिक्वेन्सी वाढली की कोअर लहान होतो; ४.४४ चं सूत्र तुम्ही घोकलेलं असणारच, ते सांगत बसत नाही.

साहेबांना नव्या प्रिंटरचं वेड लागलेलं. बॉबिन, म्हणजे तार गुंडाळायचा प्लास्टिकचा साचा, त्यावरच काढायचा ठरला. लिट्झ वायर (शेकडो बारीक तारांचा पीळ) गुंडाळायला आमच्या वाइंडिंगच्या मावशी, वीस वर्षांचा हात. त्यांनी बॉबिन घेतला, कडेवरच्या थरांवरून नख फिरवलं आणि म्हणाल्या, "भाकरीसारखा पापुद्रा सुटलाय याला. आत हवा राहिली असणार." साहेब हसले. मीही हसलो.

व्हॅक्यूममध्ये इपॉक्सी ओतली, भट्टीत पकवला. पार्शल डिस्चार्जची टेस्ट (इन्सुलेशनच्या आतल्या बारीक ठिणग्या पकडणारी) बाहेरच्या लॅबमध्ये करावी लागली असती, तो खर्च नको म्हणून नुसती हायपॉट, म्हणजे थोडा वेळ जास्त व्होल्टेज देऊन बघायची टेस्ट, मारली. एक मिनिट टिकला, पास. लोडवर तिसऱ्या दिवशी दुपारी फट् आवाज झाला आणि जळक्या इपॉक्सीचा वास दोन दिवस हटला नाही. साहेबांचा निकाल तिथल्या तिथे: "हाताचं काम म्हटलं की असंच होणार. तार सोलली असणार." मावशींचा तीन दिवसांचा पगार कापला.

पंधरा दिवसांनी मी तो तुकडा ग्राइंडरने उभा कापला. तारेचं एनॅमल, म्हणजे वरचा इन्सुलेशनचा थर, ठणठणीत. बॉबिनच्या भिंतीत मात्र, दोन थरांच्या मधोमध, केसाएवढी काळी रेघ, पुढे फांद्या फुटत गेलेली. प्रिंटरने भिंत आतून पोकळ जाळीची काढली होती. त्या बंद कप्प्यांत इपॉक्सी पोचणार कशी? हवेची परमिटिव्हिटी प्लास्टिकपेक्षा कमी, म्हणून विद्युत क्षेत्राचा ताण तिच्यावर जास्त, आणि सोसायची ताकद तिचीच सगळ्यात कमी. त्यात २० किलोहर्ट्झ, म्हणजे ५० हर्ट्झला जेवढे ठोके बसतात त्याच्या ४०० पट. आतल्या आत कुरतडत गेलं. एका मिनिटाच्या हायपॉटला हे दिसत नाही.

आता तांबं. साध्या इन्फ्रारेड लेझरचा बराचसा प्रकाश तांबं परत फेकतं, म्हणून तांबं प्रिंट करायला हिरव्या लेझरची यंत्रं आली. काम चांगलं होतं. पण २० किलोहर्ट्झला करंट जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या कातडीतून वाहतो. जाड पट्टी प्रिंट करून मधलं तांबं फुकट. लिट्झच्या शेकडो बारीक तारा, प्रत्येकीला वेगळं एनॅमल, हे अजून प्रिंटरकडून होत नाही. उलट मधला भाग बिनकामाचाच आहे तर पोकळ नळी प्रिंट करा आणि आतून पाणी खेळवा, तिथे प्रिंटिंगला तोड नाही. वाइंडिंगमधलं अंतर नेमकं राखून लीकेज (दोन वाइंडिंगमध्ये न जुळणाऱ्या फ्लक्सचा इंडक्टन्स) हवा तेवढा बसवणं, तेही. ड्युअल अ‍ॅक्टिव्ह ब्रिजला वीज पलीकडे न्यायला लीकेज लागतोच. फेराइटचा (चुंबकीय सिरॅमिकचा) कोअर प्रिंट होतो, पण भट्टीत आकसतो, मापं परत घासा.

आणि खरं सांगू? ग्रिड स्टोरेजला जागेची घाई कोणाला आहे? माळरानावर कंटेनर, शेजारी इन्व्हर्टर आणि साधा ५० हर्ट्झचा ट्रान्सफॉर्मर. तो स्वस्त आहे, पंचवीस वर्षं बिनबोभाट चालतो, बिघडला तर तालुक्यात दुरुस्त होतो. जागेला भाव रेल्वे इंजिनात. एबीबी कंपनीने २०१२ मध्ये स्वित्झर्लंडच्या एका शंटिंग (यार्डात डबे हलवणाऱ्या) इंजिनावर असा जास्त फ्रिक्वेन्सीवर चालणारा १.२ एमव्हीएचा ट्रान्सफॉर्मर चालवून दाखवला, कारण तिथली लाइन १६.७ हर्ट्झची, साधा ट्रान्सफॉर्मर अवजड होतो.

हं, एक सांगायचं राहिलं. रेझिनचे प्रिंटर आमच्यापेक्षा कितीतरी भरीव भिंत काढतात, आमचा स्वस्तातला होता. आणि बॉबिनच्या ड्रॉइंगवर सही माझी होती. भिंत पोकळ ठेवायची सेटिंगही मीच टाकली होती, प्लास्टिक वाचावं म्हणून. ते पंधरा दिवस मी गप्प बसलो, हे मावशींना माहीत आहे.

करिअरचं म्हणाल तर कॉलेजात हाय व्होल्टेज लॅब असेल तर आधी तिथे बसा, प्रिंटर नंतर. आणि एखाद्या वाइंडिंगवाल्याकडे महिनाभर हाताने गुंडाळा, पगार नाही दिला तरी.

साहेब हे वाचत असतील तर, कापलेला तुकडा माझ्या टेबलावर आहे, कधीही या. मावशींचे तीन दिवसांचे पैसे अजून बाकी आहेत.